तीनदा जुळल्याशिवाय पोळी नाही

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागलेली असायची, आणि त्या रांगेत कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक लिंगायत प्राध्यापक हातात थर्मास घेऊन उभा असायचा. सोलापुरातल्या आमच्या भागात हे दृश्य जुन्या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. नवखा माणूस मात्र दचकायचा. ओळखीचं कुणी रांगेत असलं तर सरांची अब्रू राखावी म्हणून बिचारं तोंड फिरवायचं. सर उलट त्यालाच हाक मारायचे. "काय हो, अर्धा किलो घेताय? घ्या, घ्या. मला एवढंसंच लागतंय."

एवढंसं म्हणजे कोवळ्या बोकडाच्या छातीतली, काळजाच्या वरच्या बाजूला असते ती पांढरट मऊ गाठ. गिऱ्हाईक ती मागत नाही, त्यामुळे दुकानदार चाचा ती सरांसाठी बाजूला काढून ठेवायचे. "आओ सर, आपका माल अलग रख्या हूँ," असं ते रांगेवरून ओरडून सांगायचे. सर ती गाठ थर्मासातल्या बर्फात ठेवायचे आणि तडक प्रयोगशाळेत यायचे. त्या गाठीतून आम्ही डीएनए काढायचो. बाहेरून मागवलेला डीएनए यायला महिने लागायचे, आणि आला तरी वाटेतल्या उन्हानं कामातून गेलेला असायचा. सरांनी जन्मात मटणाचा घास घेतला नव्हता, पण बोकडाच्या आत कुठे काय असतं हे त्यांना चाचांइतकंच ठाऊक होतं.

मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. म्हणजे बराचसा वेळ नळ्या धुतल्या. आता मी सांगोल्याच्या एका कॉलेजात शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांकडून नळ्या धुऊन घेते. ही परंपरा आहे.

सरांच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असायच्या. शर्टाच्या आत इष्टलिंग आणि शर्टावर स्टॉपवॉच. स्टॉपवॉचची मूळची दोरी केव्हाच तुटली होती, म्हणून ते पायजम्याच्या नाडीत ओवलेलं होतं. दोन्हींपैकी पूजा कशाची जास्त होते यावर आम्हा विद्यार्थ्यांत वाद होता. चहा गाळणीतून किती वेळात उतरतो, तेलाची धार बरणीत कशी पडते, पाकाचा थेंब पळीच्या टोकाला किती रेंगाळतो, काय वाटेल ते सर मोजायचे. एकदा कॅन्टीनवाल्याला म्हणाले, "आज पाणी लई झालंय की रे दुधात. चहा पळायलाय नुसता." दुसऱ्या दिवसापासून तो सरांचा चहा वेगळा करायला लागला, आमचा मात्र पूर्वीसारखाच पळत राहिला.

काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, यावर एक ठरलेली तक्रार होती. "मला बघायला आले तवा सरबताचा पेला वाकडा करकरून बघत बसले. माझ्याकडं बघितलंच न्हाई. माझी आई म्हणाली, पोरगा लाजाळू हाय. कशाचा लाजाळू! सरबत किती दाट हाय बघायला होते." सर तिथेच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "साखर बरोबर होती की. म्हणून हो म्हणालो."

औषध डीएनएला चिकटलं की डीएनएच्या लवचीकपणाचं काय होतं, हा सरांचा विषय. ऐकायला जड आहे, पण सर तो भाकरीवर शिकवायचे. डीएनए म्हणजे पिळाची शिडी, हे शाळेतली पोरंही सांगतात. सर म्हणायचे, "शिडी ऱ्हाऊ द्या. भाकऱ्यांची चवड डोळ्यापुढं आणा." आणि खरोखर डब्यातून मऊ ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड काढून हातावर घ्यायचे. हात कलला की चवड झुकायची, वाकायची. "बघा, वाकतंय. माणसापेक्षा लांब धागा, आणि मावतो कुठं? डोळ्याला दिसत न्हाई एवढ्या पेशीत. वाकतंय म्हणून मावतंय. वाकतंय म्हणून जगतंय."

मग पिशवीतून निघायची कडक भाकरी. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पातळ, खुटखुटीत वाळवलेली, बरेच दिवस टिकणारी. सर मऊ भाकऱ्यांच्या मधेमधे एकेक कडक भाकरी सरकवायचे. "हे औषध. दोन भाकऱ्यांच्या मधी घुसलं. काय झालं? चवड उंच झाली. आता वाकवून दाखव, ये." पहिल्या बाकावरचं कुणीतरी उठायचं, आणि चवड वाकायची नाही. "ताठ झालं. आता ह्या धाग्याची नक्कल काढायला जी मंडळी पेशीत येतात, त्यांना ते उलगडताच येत न्हाई. पेशी अडकती. कॅन्सरची पेशी सारखी नक्कल काढायच्या घाईत, म्हणून ती आधी अडकती. कळलं?" कळलेलं असो वा नसो, आम्ही माना हलवायचो, कारण तास संपला की शेंगाचटणीची पुडी सुटायची. आमच्या विभागात शिकवून झालं की मॉडेल खाऊन टाकायची पद्धत होती.

हे मोजायचं साधन म्हणजे काचेची एक नळी, तिच्यात केसासारखं बारीक भोक. तिच्यातून डीएनएचं पाणी खाली सोडायचं आणि वेळ घ्यायची. औषधाचा थेंब घालायचा, पुन्हा वेळ घ्यायची; असं थेंबाथेंबानं शेवटपर्यंत मोजत जायचं, याला टायट्रेशन म्हणतात. धागा लांब आणि ताठ होत गेला की पाणी दाटतं, आणि दाट पाणी सावकाश उतरतं. शेजारच्या विभागात कॉम्प्युटरच्या पडद्यावर डीएनए रंगीत होऊन नाचायचा. आमच्याकडे नळी होती, पाण्याचं भांडं होतं आणि सर होते.

आणि सरांचा एक शब्द होता: मेल्लगे. कानडीत मेल्लगे म्हणजे हळू, सावकाश. डीएनएचा लांब धागा पिपेटमध्ये फस्सकन ओढला की आतल्या आत तुटतो, दिसत नाही पण तुटतो. म्हणून आम्ही पिपेट हातात घेतली की सर मागे येऊन उभे राहायचे. "मेल्लगे... मेल्लगे..." माझ्या घरात कानडीचं वारंही नव्हतं, मी शिकलेला पहिला कानडी शब्द हाच. पुढे तो दारं लावताना, जिने उतरताना, गाडीला किक मारताना ऐकू यायला लागला. माझ्या लग्नात बुद्धवंदना झाली, मी हार घालायला हात उचलले, आणि मागून आवाज आला, "मेल्लगे. फुलं पडायलीत." माझे वडील अजून हसतात. त्यांचं आणि सरांचं एकदम जमलं होतं. वडील "जय भीम, सर" म्हणायचे, सर हात जोडून "शरणु शरणार्थी" म्हणायचे, आणि दोघं लगेच पाण्याच्या टाकीच्या वॉल्व्हवर बोलायला लागायचे.

लवचीकपणाचं एवढं गुणगान करणारा हा माणूस स्वतः मात्र सूतभर वाकायचा नाही. रजेचा अर्ज त्यांनी कधी केला नाही, कारण त्यात "विनंती" हा शब्द लिहावा लागतो. प्राचार्यांच्या सत्काराला गेले नाहीत, कारण त्या वेळेला डीएनए बर्फातून बाहेर काढलेला होता. हे कारण त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं. पुढे प्राचार्य एकदा प्रयोगशाळेत आले, नळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, पाणी खाली पडतंय, तुम्ही घड्याळ दाबताय. याचा माणसाला उपयोग काय?" सर शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्याचा उपयोग तुमच्यावर व्हायची वेळ न येवो, एवढीच इच्छा हाय." प्राचार्य पुन्हा आले नाहीत.

आता पोळ्यांची गोष्ट.

माळरानावरच्या एका काटेरी झुडपाच्या मुळीचा अर्क मी तपासत होते. तो डीएनएमध्ये शिरतो का, हा माझा प्रश्न. असा कुठलाही नवा अर्क आला की त्याची बरोबरी एका जुन्या औषधाशी करून बघायची रीत आहे. हे औषध लालभडक असतं आणि कॅन्सरच्या रोग्यांना प्रत्यक्ष देतात. आम्ही त्याला लाडानं डॉक्सो म्हणायचो. हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून, त्याचा एकेक थेंब आम्ही किती वर्षं मोजला असेल याला हिशेब नाही. तर माझ्या अर्काचे थेंब पडत गेले आणि वेळ वाढत गेली. पुन्हा घातला, पुन्हा वाढली. आलेख असा चढला की त्यानं डॉक्सोलाही मागे टाकलं. सर खुर्चीवरून उठले, घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी केलेल्या शेंगापोळ्यांचे डबेच्या डबे घेऊन आले. दाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या त्या खमंग पोळ्या सगळ्या कॉलेजनं खाल्ल्या. प्राचार्यांनाही पाठवल्या.

पुढच्याच आठवड्यात सरांनी नळी धुऊन उजेडात धरली आणि म्हणाले, "यप्पा!"

नळीच्या भोकात सुताचं तूस अडकलेलं होतं. लाल. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच चादरींचे माग होते, दिवसभर खटाखट चालायचे आणि हवेत तूस उडायचं. खिडकी उघडी होती, कारण उन्हाळा होता. प्रत्येक थेंबागणिक आणखी थोडं तूस आत जात होतं आणि पाणी अडत होतं. अर्क बिचारा काहीच करत नव्हता. असा शोध सोलापूर सोडून जगात कुठेच लागला नसता.

सरांना गप्प बसता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं आणि सांगितलं, "पोळ्या खाल्ल्या त्या परत मागत न्हाई. बातमी परत घेतोय." नळी सगळ्यांच्या हातात फिरवली. मी कोपऱ्यात रडत होते. सर माझ्याकडे आले. "रडायलीस कशाला? खिडकी लाव, नळी धू, परत घे." आणि त्या दिवशी त्यांनी नियम केला: तीनदा जुळल्याशिवाय पोळी नाही.

हा नियम त्यांनी जगण्यालाच लावून टाकला. भारत मॅच जिंकला की म्हणायचे, "मालिका होऊ दे." भाचीचं लग्न ठरलं, साखरपुडा झाला, तरी काकूंना पोळ्या करू दिल्या नाहीत. अक्षता पडल्यावर म्हणाले, "आता कर." मला सांगोल्याची नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. सर पेढ्याला हात लावेनात. "ऑर्डर आली, हे एक. रुजू हो, ते दोन. पगार होऊ दे." पगार झाल्याचं मी फोनवर सांगितलं आणि दोन दिवसांनी एसटीच्या ड्रायव्हरकडून सांगोला स्टँडवर पोळ्यांचा डबा आला. त्या पोळीची चव वेगळीच लागली, हे मान्य करायला हवं.

सर रिटायर झाले. घरी बसतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. रविवारी रांगेत उभे राहायचे, गाठ आणायचे आणि थर्मास दुपारच्या गाडीनं माझ्या विद्यार्थ्यांसाठी पाठवायचे. मग एका रविवारी थर्मास आला नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "अगं, जन्मभर बोकडाच्या गाठी काढल्या. आता माझ्याच निघाल्यात. मानेला, काखेत." आणि हसले. मला हसू आलं नाही. तपासण्या झाल्या, लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. उपचार आहे, बरं होण्याची चांगली शक्यता आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण मला धडकी भरली होती, कारण यादीतलं पहिलं औषध कुठलं असणार हे मला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी हॉस्पिटलात होते. सिस्टर हातमोजे घालून, ट्रेमध्ये ती लालभडक सिरिंज घेऊन आली. सर उठून बसले. चेहऱ्यावर जुना विद्यार्थी भेटल्याचा आनंद. "अगं, हा आपलाच की! वळखलीस का?" सिस्टरला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. तिनं औषध सोडायला सुरुवात केली, आणि सर सवयीनं म्हणाले, "मेल्लगे, सिस्टर. मेल्लगे." गळ्यातलं स्टॉपवॉच त्यांनी चालू केलं होतं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मला फोन. "रंग तोच! लघवी लाल झाली!" मागून काकूंचा आवाज आला. "ह्यांना आता ती पण नळीत घालून बघायचीय. सांग बाई काहीतरी."

पुढच्या वेळी सरांनी वॉर्डातच तास घेतला. काकूंच्या डब्यातल्या भाकऱ्या, तीच चवड. शेजारच्या खाटेवर माळशिरसकडचे एक उसवाले शेतकरी होते. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मंजी सर, ही औशीद आपल्या चांगल्या पेशीतबी घुसतंय का न्हाय?"

"घुसतंय," सर म्हणाले. "त्याला नावगाव कळत न्हाई. म्हणून केस जातात, तोंड येतं. पण चांगली पेशी दमानं सावरती. ही दुसरी घाईतली, ती सावरत न्हाई."

"मग घाईनंच मरतंय म्हना की ते."

"अगदी बरोबर," सर म्हणाले, आणि त्यांच्या हातात भाकरी ठेवली.

हे सगळं ऐकून मी निश्चिंत झाले होते. चूक तिथेच झाली. निम्मे डोस झाले आणि काकूंचा फोन आला. "ते आता जायचं न्हाई म्हणायलेत. मी सांगून थकले. तू ये."

मी गेले. सर खिडकीशी बसले होते. डोक्यावर केस नव्हते, भुवयाही गेल्या होत्या. विभूती मात्र होती. स्टॉपवॉच गळ्यात नव्हतं, टेबलावर पडलं होतं. मी विचारायच्या आधीच त्यांनी हात पुढे केले. सोबतच्या दुसऱ्या एका औषधानं बोटं बधिर झाली होती. "बटन दाबलं का न्हाई, कळत न्हाई. सदऱ्याची गुंडी ही लावून देती. पिपेट तर सोडच." मग हिशेब मांडावा तसं बोलायला लागले. मधल्या तपासणीत गाठी थोड्याच कमी झाल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, कोर्स पुरा करा, बोटांचं औषध आपण कमी करू. "पण निम्मं झालं आणि फरक नावाला. उरलेलं घेऊन हात पण घालवू? मला म्हाईत हाय गं ते आत काय करतंय. सगळ्या भाकऱ्या कडक झाल्यात माझ्या. आता ऱ्हाऊ दे."

मी वाद घातला. रागावले. तुम्ही म्हणालात घाईतली पेशी सावरत नाही, मग तिला सावरायला वेळ का देताय, असंही विचारलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. ताठ. जन्मभर दुसऱ्यांना वाकण्याचं महत्त्व सांगणारा हा माणूस, आणि मी त्याला तसूभर हलवू शकत नव्हते. रडू आलं ते मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला सर हवे होते. कुठल्याही बोटांचे चालले असते.

सांगोल्याला परतताना मंगळवेढा येईपर्यंत मी नुसती चरफडत होते. मंगळवेढ्याला गाडी थांबली, आणि मला एक खोडकर विचार सुचला.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्याच रस्त्यानं सोलापूरला निघाले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली काचेची नळी, पायाशी बर्फाचा डबा. काकूंच्या ओट्यावर स्टॅंड लावला, मोठ्या पातेल्यात पाणी भरून नळी त्यात सोडली, थर्मामीटर टाकला. सर दारात येऊन उभे राहिले. "काय करायलीस?"

"विद्यार्थ्यांना दाखवायचंय. दारुहळदीचं करतेय. तालीम करून बघते."

दारुहळदीचा पिवळा अर्क डीएनएत शिरतो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. मी नुसत्या डीएनएची वेळ घेतली. एक थेंब घातला, वेळ घेतली. दुसरा घातला, घेतली. पहिल्या थेंबांना फरक घड्याळात दिसेल इतका पडतच नाही, हे मला माहीत होतं आणि सरांना तर माझ्याआधी माहीत होतं. मी घड्याळ खाली ठेवलं, नळीचा चिमटा सोडवायला लागले.

"थांबलीस का?" सर म्हणाले.

"फरक नाही पडत, सर. नावाला पडतोय. उगीच औषध वाया कशाला घालवू? धुऊन ठेवते."

"दोन थेंबांवर?" सर ओरडले. बऱ्याच दिवसांनी तो आवाज त्या घरात घुमला असावा, कारण काकू पोळपाट सोडून उठल्या. "दोन थेंबांवर निकाल देतीस? कुणी शिकवलं तुला? अर्ध्यावर टाकलेलं टायट्रेशन म्हणजे न केलेलं टायट्रेशन! किती वेळा सांगितलंय! आलेखाची रेघ पुढं वळती, आधी न्हाई! पोरांना हेच शिकवतीस व्हय तितं—"

आणि मधेच थांबले. मी चिमट्यावरचा हात काढला नाही आणि वरही बघितलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की आणखी कशाला, मला कळलं नाही.

मग सर म्हणाले, "ही चीटिंग हाय. नळी म्हणजे माणूस न्हाई."

"नाही सर. पण दोन थेंब म्हणजे टायट्रेशनही नाही."

सर ओट्यापाशी आले. स्टॉपवॉच दोन्ही तळव्यांत धरलं आणि काकूंपुढे केलं. "मी सांगतो तवा दाब." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढचा थेंब घाल. मेल्लगे."

त्या दुपारी आम्ही तिघांनी पुरं टायट्रेशन केलं. सर "हं" म्हणायचे, काकू बटण दाबायच्या, कधी आधी, कधी नंतर, आणि सर कपाळाला हात लावायचे. पुढच्या थेंबांना वेळ वाढायला लागली. आधी जेमतेम, मग स्पष्ट. पिवळं पाणी सावकाश, अगदी सावकाश उतरायला लागलं. सरांनी नळी उजेडात धरायला लावली, तूस नाही ना बघितलं, मगच मान्य केलं. रात्री त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. "उद्या येतो," म्हणाले. "आपला तो लाल काढून ठेवा."

उरलेले डोस त्यांनी सगळे घेतले. बोटांचं औषध डॉक्टरांनी कमी केलं. सर सोपे रुग्ण झाले असं मात्र नाही. सिस्टर घाईनं औषध सोडते म्हणून त्यांनी दोनदा तक्रार केली, आणि वॉर्डातल्या चहाविषयी तर कायमच.

शेवटच्या डोसनंतरच्या तपासणीत रोगाचा मागमूस नव्हता. मी ओरडलेच फोनवर. "सर, पोळ्या!"

"एक रीडिंग झालंय," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पुन्हा काही नाही. मी पोळ्यांचं नाव काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. डोक्यावर कुरळे केस आले होते. आधी सरळ होते. "बघ, आता वाकायलेत," एवढंच म्हणाले. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. सर मला तारीख सांगायचे नाहीत आणि मी विचारायची नाही.

गेल्या रविवारी सकाळी सांगोला स्टँडवरून निरोप आला, सोलापूरच्या गाडीतून तुमचा डबा आलाय. मी आहे त्या चपलेनिशी गेले. ड्रायव्हरनं सीटखालून स्टीलचा डबा काढून दिला. अजून कोमट होता. झाकण उघडायच्या आधीच भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाचा वास आला, पण घट्ट झाकण मला निघेना, ते ड्रायव्हरनंच काढून दिलं.

मी काकूंना फोन लावला.

"मिळाला का गं डबा? रात्रभर करायला लावल्या मला. तपासणीचा तिसरा कागद हातात आला तसं म्हणाले, आता कर."

"सर कुठायत?" मी विचारलं.

"कुठं असणार? रविवार हाय की. थर्मास घेऊन गेलेत रांगेत उभं ऱ्हायला. दुपारच्या गाडीनं पाठवणार हायत तुझ्या पोरांना. आणि स्टँडवरनं नेताना मेल्लगे ने, असं सांगून गेलेत."

मी तिथल्याच बाकावर बसले, दुपारच्या गाडीची वाट बघत, आणि पहिली पोळी ड्रायव्हरला दिली.